विश्लेषण : वीर्याच्या थेंबात ‘जीव’ पाहणारा डेल्फ्टचा कापडव्यापारी… पुरुष वंध्यत्वाच्या तपासणीची सुरुवात कशी झाली?

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली, मूल होत नाही, म्हणून जोडपे डॉक्टरकडे जाते. पुरुषाला सांगितली जाणारी पहिली तपासणी अगदी साधी असते. सुई नाही, चीर नाही, भूल नाही. एका डबीत वीर्याचा नमुना द्यायचा आणि बाहेर वाट पाहायची. आत कोणीतरी तो थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मोजणी करते. आता त्याच नमुन्यातील काही प्रथिने मोजून अंडकोषात शुक्राणू तयार होतात की नाही, हे शस्त्रक्रियेविना ओळखण्याचे प्रयत्न सुरू आहेत. या साऱ्याची सुरुवात नेदरलँड्समधील डेल्फ्ट या गावात १६७७ मध्ये झाली. तो पहिला थेंब नीट पाहणारा माणूस डॉक्टर नव्हता, प्राध्यापक नव्हता. तो कापडव्यापारी होता आणि जे दिसले ते कळवताना त्याला लाज वाटत होती.

लेव्हेनहूक कोण होते?

अँटोनी व्हॅन लेव्हेनहूक यांचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ रोजी डेल्फ्टमध्ये झाला. आपल्याकडच्या शालेय पुस्तकांत हे नाव लिव्हेनहॉक, ल्युवेनहॉक अशा वेगवेगळ्या रूपांत भेटते, माणूस एकच. वडील टोपल्या विणत. आईच्या माहेरी बिअर गाळण्याचा धंदा होता. अँटोनी पाच-सहा वर्षांचे असताना वडील वारले, आईने दुसरे लग्न केले आणि मुलगा आधी शाळेसाठी, मग काकांकडे असा घराबाहेरच वाढला. सोळाव्या वर्षी त्यांना अॅमस्टरडॅमला एका कापडव्यापाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले. विद्यापीठाचे तोंड त्यांनी पाहिले नाही. त्या काळी विज्ञानाचा व्यवहार लॅटिनमध्ये चाले. लेव्हेनहूक यांना ती येत नव्हती. आयुष्यभर त्यांनी डचमध्येच लिहिले.

१६५४ मध्ये डेल्फ्टला परतून त्यांनी कापडाचे दुकान थाटले आणि बार्बरा डी मे हिच्याशी लग्न केले. पाच मुले झाली, त्यांतली चार तान्हेपणीच गेली. उरली ती मारिया. तिने लग्न केले नाही आणि वडिलांना शेवटपर्यंत सांभाळले. बार्बरा १६६६ मध्ये वारली. १६७१ मध्ये लेव्हेनहूक यांनी कॉर्नेलिया स्वालमियस हिच्याशी दुसरे लग्न केले. या कॉर्नेलियाचा पुढच्या गोष्टीशी संबंध आहे, जरी इतिहासात तिचे नाव कोणी फारसे घेत नसले तरी.

दुकानाबरोबर त्यांनी नगरपालिकेत नोकऱ्या केल्या. नगर-अधिकाऱ्यांच्या दालनाची देखरेख, पुढे जमीनमोजणी, नंतर वाइनच्या पिंपांचे माप तपासणे. चित्रकार योहानेस व्हर्मीर याच गावचे आणि याच वर्षी जन्मलेले. व्हर्मीर कर्ज ठेवून वारले तेव्हा त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था लावण्यासाठी १६७६ मध्ये नगराने लेव्हेनहूक यांनाच नेमले. थोडक्यात, गावाने विश्वास टाकावा असा, हिशेबाला पक्का माणूस. हा हिशेबीपणा पुढे उपयोगी पडला.

भिंगाचा नाद कुठून लागला?

कापडाचा पोत आणि धागे तपासण्यासाठी व्यापारी भिंग वापरत. लेव्हेनहूक यांनाही तिथूनच नाद लागला असावा, असे सामान्यतः मानले जाते. रॉबर्ट हुक यांचा सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या जगावरचा गाजलेला सचित्र ग्रंथ १६६५ मध्ये लंडनला निघाला होता. पण हुक यांचे यंत्र दोन-तीन भिंगांचे होते आणि त्यातून प्रतिमा धूसर दिसे. लेव्हेनहूक यांनी उलटा मार्ग धरला. एकच, अगदी बारीक भिंग. ते पितळेच्या किंवा चांदीच्या दोन छोट्या पत्र्यांमध्ये बसवलेले. मागे स्क्रूवर टेकवलेली एक सुई, तिच्या टोकावर नमुना. सारे उपकरण तळहातावर मावेल एवढे. ते डोळ्याला चिकटवून उजेडाकडे तोंड करून पाहायचे. आज उरलेल्या उपकरणांपैकी सर्वात ताकदवान उपकरण वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवते.

डेल्फ्टमधले तरुण डॉक्टर रेनियर डी ग्राफ यांनी १६७३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून या कापडव्यापाऱ्याची ओळख करून दिली. डी ग्राफ यांनी आदल्याच वर्षी स्त्रीच्या अंडाशयातील पुटिकांवर ग्रंथ लिहिला होता. त्या पुटिकांना आजही त्यांचेच नाव आहे. स्त्रीबीजाचा माग काढणारा माणूस आणि पुरुषबीज पाहणारा माणूस एकाच गावातले, ओळखीचे. पण डी ग्राफ त्याच वर्षी, अवघ्या ३२व्या वर्षी वारले. मित्राने पुढे काय पाहिले, हे त्यांना कळले नाही.

पहिल्या पत्रात बुरशी, मधमाशी, ऊ असे विषय होते. मग तलावाचे पाणी, पावसाचे पाणी, मिऱ्याचे पाणी. ऑक्टोबर १६७६च्या पत्रात त्यांनी पाण्यातले इतके बारीक जीव कळवले की लंडनमध्ये कोणाचा विश्वास बसेना. लेव्हेनहूक यांनी गावातल्या आठ प्रतिष्ठितांना, त्यात धर्मोपदेशक आणि कायद्याचे जाणकारही होते, भिंगातून ते जीव दाखवले आणि त्यांच्या सह्यांची प्रमाणपत्रे लंडनला पाठवली. अखेर नोव्हेंबर १६७७ मध्ये हुक यांनी सोसायटीच्या सभासदांसमोर ते जीव दाखवून खात्री पटवली. नेमक्या त्याच महिन्यात डेल्फ्टहून आणखी अवघड पत्र निघाले.

१६७७ मध्ये नेमके काय घडले?

लायडन विद्यापीठातला योहान हाम नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी लेव्हेनहूक यांच्याकडे आला. त्याच्याकडे काचेच्या बाटलीत परमा झालेल्या एका पुरुषाचे वीर्य होते. त्यात शेपटीचे जिवंत प्राणी दिसतात, असे हामचे म्हणणे होते. रोगामुळे वीर्य नासले आणि त्या नासण्यातून हे प्राणी उपजले, असा त्याचा तर्क होता. रुग्णाला टर्पेंटाइन दिल्यावर हे प्राणी मेलेले दिसले, असेही त्याने सांगितले. औषधाचा शुक्राणूंवर होणारा परिणाम नोंदवण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग, जरी नोंदवणाऱ्याला आपण काय नोंदवतो आहोत हे माहीत नव्हते.

हामचे निरीक्षण खरे होते, तर्क चुकीचा. तो तपासण्यासाठी लेव्हेनहूक यांनी जे केले ते आजच्या कोणत्याही प्रयोगशाळेला पटेल. रोग्याच्या नमुन्यावर थांबायचे नाही, निरोगी माणसाचा नमुना पाहायचा. निरोगी माणूस म्हणजे ते स्वतः. वय ४५. पत्नीशी झालेल्या समागमानंतर नाडीचे सहा ठोकेही पडायच्या आत त्यांनी नमुना भिंगाखाली घेतला, असे त्यांनी लिहिले आहे. ही घाई शक्य झाली ती कॉर्नेलियाच्या सहनशीलतेमुळे, हे उघड आहे. तिने यावर काय म्हटले याची नोंद कोणी ठेवली नाही.

निरोगी वीर्यातही तेच दिसले. बोथट डोके, पाठीमागे निमुळती होत गेलेली पातळ, पारदर्शक शेपटी. शेपटी शरीराच्या पाच-सहा पट लांब. पाण्यात सापासारखी किंवा वामासारखी वळवळत पुढे जाणारी हालचाल. म्हणजे हे रोगाचे लक्षण नव्हते. निरोगी पुरुषाच्या वीर्यात ते असतातच, ही गोष्ट त्या दिवशी पक्की झाली. ‘नेहमीचे’ काय हे कळल्याशिवाय ‘बिघडलेले’ काय हे ठरवता येत नाही. पुरुष वंध्यत्वाची तपासणी उभी आहे ती या पायावर.

पत्र लिहिताना संकोच का?

काही वर्षांपूर्वी रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी लेव्हेनहूक यांना थुंकी, घाम आणि वीर्य तपासायला सुचवले होते. वीर्य पाहायला सुरुवात करून त्यांनी ते सोडून दिले होते. कारण शास्त्रीय नव्हते. याविषयी लिहिणे त्यांना असभ्य वाटत होते. १६७७च्या सप्टेंबरात ओल्डेनबर्ग वारले, म्हणून नवे पत्र सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड ब्राउंकर यांच्या नावे गेले. नेहमीच्या डचऐवजी ते लॅटिनमध्ये उतरवून पाठवले होते. विद्वानांच्या भाषेत अशा गोष्टींची लाज जरा कमी वाटते, हा अनुभव जुनाच आहे.

पत्रात त्यांनी दोन गोष्टी आवर्जून लिहिल्या. नमुना कोणत्याही पापकृत्याने मिळवलेला नाही, तो वैवाहिक संबंधातून उरलेला आहे. आणि हे वाचून विद्वानांना किळस येईल किंवा गहजब होईल असे अध्यक्षांना वाटले तर पत्र प्रसिद्ध करू नये, स्वतःपुरते ठेवावे किंवा नष्ट करावे. सोसायटीने ते नष्ट केले नाही. १६७९ मध्ये ते तिच्या नियतकालिकात छापून आले.

साडेतीनशे वर्षांनंतरही हा संकोच ओळखीचा वाटतो. नमुना द्यायला नकार देणारा नवरा, मुलाऐवजी सुनेच्याच तपासण्या करत राहणारे घर, हे चित्र महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना नवे नाही. मराठीत ‘वांझ’ हा शब्द बाईला जसा चिकटला तसा पुरुषाला चिकटेल असा रोजच्या बोलण्यातला शब्दच नाही. शिवाय वंध्यत्व आणि नपुंसकत्व यांची गल्लत केली जाते. शरीरसंबंध व्यवस्थित असलेल्या, वीर्यस्खलन नेहमीसारखे होणाऱ्या पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्राणू नसू शकतो. डोळ्यांना त्यात काही फरक दिसत नाही. तो भिंगाखालीच दिसतो. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने असते.

मोजणी कशी केली?

इथे जमीनमोजणीदार कामाला आला. लेव्हेनहूक यांच्याकडे मायक्रोमीटर नव्हता. त्यांचे माप होते वाळूचा कण. एका मोठ्या वाळूकणाएवढ्या जागेत असे दहा लाख जीव मावतील, असा त्यांचा अंदाज होता.

१६७९ मध्ये त्यांनी कॉड माशाच्या नराचे वीर्य घेतले. वाळूकणाएवढ्या भागात किती जीव दिसतात ते पाहून साऱ्या पुंजाचा हिशेब केला. उत्तर आले १५ हजार कोटी. आकडा कुठल्या पट्टीवर ठेवायचा? म्हणून त्यांनी दुसरा हिशेब मांडला. हॉलंड प्रांतात दहा लाख माणसे राहतात. पृथ्वीवरची राहण्याजोगी जमीन हॉलंडच्या १३,३८५ पट. ती सगळी हॉलंडइतकी दाट वसलेली धरली तर पृथ्वीवर १,३३८ कोटी ५० लाख माणसे होतील. म्हणजे एका माशाच्या वीर्यात पृथ्वीवर मावणाऱ्या माणसांच्या दहापटीहून अधिक जीव. पृथ्वीवर जास्तीत जास्त किती माणसे राहू शकतील, या प्रश्नाचा हा अगदी सुरुवातीचा अंदाज मानला जातो. तो माशाच्या वीर्यापायी निघाला, हे लोकसंख्याशास्त्राच्या पुस्तकांत जरा दबक्या आवाजात सांगितले जाते.

आजची पद्धतही तत्त्वतः हीच आहे. ठरावीक खोलीच्या, बारीक चौकटी आखलेल्या काचेवर थेंब ठेवायचा, काही चौकटींतले शुक्राणू मोजायचे आणि गुणाकार करायचा.

चुकले कुठे?

शुक्राणू दिसले, पण ते कशासाठी आहेत? सुरुवातीला लेव्हेनहूक यांचे लक्ष त्या वळवळणाऱ्या जीवांपेक्षा वीर्याच्या घट्ट भागात दिसणाऱ्या धाग्यांच्या जाळ्यावर अधिक होते. गर्भाच्या रक्तवाहिन्या, नसा त्यातून घडत असाव्यात, असे त्यांना वाटले. सोसायटीचे नवे सचिव निहेमाया ग्रू यांनी उलट कळवले की डी ग्राफ आणि इतरांच्या मते गर्भ स्त्रीच्या अंड्यातून होतो; वीर्य फक्त चेतना पोहोचवते. कुत्रा, घोडा असे इतर प्राणीही तपासून पाहा, असेही त्यांनी सुचवले.

लेव्हेनहूक कामाला लागले. पुढच्या वर्षांत त्यांनी कुत्रा, ससा, मासे, पक्षी, कीटक यांचे वीर्य पाहिले आणि जवळजवळ सगळीकडे शेपटीचे जीव सापडले. त्यातून त्यांचे मत दुसऱ्या टोकाला गेले. संपूर्ण जीव या शुक्राणूतच असतो, आईचे गर्भाशय फक्त त्याला पोसते, असे ते ठामपणे म्हणू लागले. आपल्याकडच्या जुन्या बीज-क्षेत्र कल्पनेशी हे किती जुळते ते वाचकांच्या लक्षात येईलच : पुरुषाचे बी, बाईचे शेत. पुरावा म्हणून त्यांनी सशांचे उदाहरण दिले. करडा रानटी नर आणि पांढरी पाळीव मादी यांची पिल्ले करडीच निघतात. म्हणजे सारे बापाकडून येते! आज शाळकरी मुलगाही सांगेल की करडा रंग प्रभावी असल्याने असे झाले. आईचा वाटा दिसला नाही, इतकेच. निरीक्षण अचूक आणि निष्कर्ष पार चुकलेला, अशी ही जोडी आहे. ज्या माणसाने पुरुषाच्या वीर्याची तपासणी शक्य केली, त्यानेच स्त्रीबीजाला मोडीत काढले, हे त्याच्या खात्यावर जमा धरावेच लागते.

एक गोष्ट मात्र त्यांनी केली नाही. शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला छोटा माणूस असल्याचे प्रसिद्ध चित्र त्यांचे नाही. ते १६९४ मध्ये निकोलास हार्टसूकर यांनी कल्पनेने काढले. १६९९ मध्ये एका फ्रेंच गृहस्थाने खोटे नाव घेऊन आपण असा माणूस प्रत्यक्ष पाहिल्याचे थट्टेने लिहिले, तेव्हा लेव्हेनहूक यांनी ते साफ नाकारले. न दिसलेली गोष्ट दिसली म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

दोनशे वर्षांचा खोळंबा का?

शुक्राणू दिसण्यापासून त्याचे काम कळण्यापर्यंत जवळपास दोनशे वर्षे गेली. इटलीतील धर्मगुरू आणि निसर्गशास्त्रज्ञ लाझारो स्पालान्झानी यांनी अठराव्या शतकात नर बेडकांना तलम कापडाच्या चड्ड्या शिवून घातल्या. वीर्य अंड्यांपर्यंत पोहोचले नाही तर पिल्ले होत नाहीत, हे त्यातून दिसले. १७८० मध्ये त्यांनी पिचकारीने कुत्रीला गर्भधारणा करून दाखवली. ६२ दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. वीर्य गाळून पाहण्याचेही प्रयोग त्यांनी केले. उत्तर अगदी हाताशी होते. तरी शुक्राणू हे वीर्यातले परजीवी आहेत, हा समज त्यांना सोडवला नाही.

जिनिव्हात प्रेव्हो आणि द्युमा यांनी १८२४ मध्ये गाळलेल्या वीर्याने फलन होत नाही हे दाखवले. त्यानंतर तीनच वर्षांनी कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी सस्तन प्राण्यांचे अंडे प्रत्यक्ष पाहिले. शुक्राणूला आजचे शास्त्रीय नावही त्यांचेच. पण त्या नावात ‘प्राणी’ हा अर्थ आहे, कारण तेही त्याला परजीवीच समजत. मराठीत अजून कानावर येणाऱ्या ‘शुक्रजंतू’ या शब्दात हा जुना घोळ जिवंत आहे. शेवटी १८७६ मध्ये ऑस्कर हर्टविग यांनी समुद्री साळिंद्राच्या पारदर्शक अंड्यात शुक्राणूचे आणि अंड्याचे केंद्रक एकत्र येताना पाहिल्याचे प्रसिद्ध केले. अर्धे आईचे, अर्धे बापाचे.

आजची वीर्यतपासणी काय सांगते?

जागतिक आरोग्य संघटनेने वीर्यतपासणीची पुस्तिका पहिल्यांदा १९८० मध्ये काढली. सहावी आवृत्ती २०२१ची आहे. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा असतो. ताजे वीर्य आधी घट्ट असते, ते पातळ होण्यासाठी साधारण अर्धा तास थांबून मग पाहतात. लेव्हेनहूक यांच्या नाडीच्या सहा ठोक्यांइतकी घाई लागत नाही.

सहाव्या आवृत्तीतील खालच्या संदर्भमर्यादा अशा आहेत : वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, नेहमीच्या आकाराचे ४ टक्के. अहवाल हातात पडल्यावर अनेकांची झोप उडते ती या शेवटच्या आकड्याने. ९६ टक्के शुक्राणू वेड्यावाकड्या आकाराचे असूनही पुरुष बाप होऊ शकतो. कारण या मर्यादा आल्या आहेत त्या वर्षभराच्या आत गर्भधारणा झालेल्या जोडप्यांतील पुरुषांच्या मोजमापांतून. शंभर बापांना ओळीत उभे केले तर शेवटचे पाच या रेषेखाली असतील, आणि तेही बापच आहेत. रेषेच्या वर असणे ही हमी नाही, खाली असणे हा निकाल नाही.

एकाच अहवालावर विसंबूही नये. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. मध्यंतरी जोराचा ताप येऊन गेला असेल तर त्याचा परिणाम पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या नमुन्यात दिसतो. म्हणून डॉक्टर तपासणी पुन्हा करायला सांगतात.

शुक्राणूच नसतील तर? बायोमार्कर कशासाठी?

मूल न होणाऱ्या पुरुषांपैकी १० ते १५ टक्क्यांच्या वीर्यात एकही शुक्राणू सापडत नाही. भिंगाची मर्यादा इथे उघडी पडते. ‘काही दिसत नाही’ यापुढे ते काही सांगू शकत नाही. पण पुढचा प्रश्न महत्त्वाचा असतो : कारखाना चालू आहे आणि रस्ता बंद आहे, की कारखानाच बंद आहे? रस्ता बंद असेल तर अंडकोषातून किंवा त्याच्या मागच्या नलिकेतून शुक्राणू काढून कृत्रिम गर्भधारणा करता येते. कारखान्यात बिघाड असेल तर अंडकोष उघडून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक नलिका धुंडाळावी लागते, आणि सुमारे निम्म्या पुरुषांत तरीही हाती काही लागत नाही. शस्त्रक्रिया होते, खर्च होतो, पदरी निराशा.

सध्या अंदाज बांधायला रक्तातील एफएसएच हे संप्रेरक, अंडकोषाचा आकार आणि जनुकीय तपासणी वापरतात. वीर्यातील साखर (फ्रुक्टोज) मोजली तर शुक्राशयाचा मार्ग मोकळा आहे का हे कळते. पण अंडकोषात काय चालले आहे ते यातून नेमके कळत नाही.

इथे वीर्यातील द्रव कामी येतो. त्यात वेगवेगळ्या अवयवांची प्रथिने मिसळलेली असतात. जणू प्रत्येक थांब्याची पावती. ‘टेक्स १०१’ हे प्रथिन अंडकोषातील शुक्राणू घडवणाऱ्या पेशींतच तयार होते. ‘ईसीएम १’ हे अंडकोषाला लागून असलेल्या, शुक्राणू पक्व होतात त्या नलिकेत तयार होते. टोरांटोतील संशोधकांनी २०१३ मध्ये या जोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तर्क सोपा आहे. रस्ता बंद असेल तर ईसीएम १चे वीर्यातील प्रमाण खूपच कमी राहील. नसबंदी झालेल्या पुरुषांच्या नमुन्यांत नेमके हेच दिसले. ईसीएम १ आहे पण टेक्स १०१ नाही, तर रस्ता मोकळा पण कारखान्यात ते काम करणाऱ्या पेशीच नाहीत. आणि शुक्राणू दिसत नसताना टेक्स १०१ थोडे तरी सापडले, तर आत कुठेतरी त्या पेशी आहेत, शोधायला वाव आहे.

याखेरीज वीर्यातील सूक्ष्म आरएनए, शुक्राणूंतील डीएनएचे तुटलेपण अशा अनेक खुणांवर काम सुरू आहे. यांतील बहुतेक तपासण्या अजून नेहमीच्या दवाखान्यात रुजलेल्या नाहीत आणि शस्त्रक्रियेची जागा त्यांनी घेतलेली नाही. जाहिरातीत ‘एका चाचणीत निदान’ असे वाचले तर हे ध्यानात असू द्यावे.

त्या भिंगांचे काय झाले?

लेव्हेनहूक १६८० मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. टोपलीवाल्याच्या मुलाला याचा फार अभिमान होता. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर द ग्रेट डेल्फ्टहून जात असता त्यांना भेटला आणि वामाच्या शेपटीतले रक्ताभिसरण भिंगातून पाहून गेला. पाहुणे इतके येऊ लागले की म्हातारपणी ते वैतागत. भिंगे दाखवत, पण सर्वात चांगली कोणाला दाखवत नसत आणि ती कशी करतात हे तर अजिबात सांगत नसत. त्यांनी ५०० हून अधिक भिंगे केली. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, नव्वदाव्या वर्षी ते वारले. अखेरच्या दिवसांतही रॉयल सोसायटीला पाठवायची पत्रे ते सांगून लिहवून घेत होते.

चांदीच्या २६ सूक्ष्मदर्शकांची पेटी त्यांनी रॉयल सोसायटीला ठेवली होती. ती पुढे गहाळ झाली. मारिया १७४५ मध्ये वारली आणि दोन वर्षांनी उरलेली साडेतीनशेवर उपकरणे लिलावात गेली. आज जगात ती जेमतेम दहा-अकरा उरली आहेत. भिंगाचे गुपित २०२१ मध्ये काही अंशी उलगडले. उट्रेख्टच्या संग्रहालयातील सर्वात ताकदवान उपकरण न उघडता, न्यूट्रॉनच्या झोताने आतून तपासले तेव्हा त्यातले भिंग घासून केलेले नसून वितळलेल्या काचेचा गोल मणी असल्याचे दिसले. ही युक्ती रॉबर्ट हुक यांनी आपल्या ग्रंथात छापून ठेवली होती.

असाच मिलिमीटरहून लहान मणी २०१६ मध्ये जपानी डॉक्टरांनी स्मार्टफोनच्या कॅमेऱ्यावर बसवला आणि वीर्यातील शुक्राणूंची संख्या व हालचाल त्यातून पाहता येते असे दाखवले. आकाराचा बारकावा मात्र त्यात नीट कळत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.